मातृतीर्थ सिंदखेडची कन्या : राजमाता जिजाबाई

विद्यार्थी मित्रहो, भूगोलाच्या तासाला अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा नकाशा भिंतीवर टांगला म्हणजे आपलीं बोटें त्यावर मोठ्या उत्साहानें फिरूं लागतात. कोणत्या संस्थानाची राजधानी कोणती, तेथें कोणती नदी वाहते, कोणतें स्थळ पाहण्यास प्रवासी जातात, हें आपण चटचट सांगतों. त्या पन्नास संस्थानांपैकीं व्हर्जिनिया संस्थानाची कथा तर विशेष मनोरंजक आहे. इंग्लंडची अविवाहित राणी एलिझाबेथ हिच्यावरून त्या भूमीस हें नांव मिळालें. इ. स. १६०७ मध्यें तेथील जेम्सटाउन या ठिकाणीं इंग्रजांची अमेरिकेंतील पहिली टिकाऊ वसाहत झाली. पुढें त्या संस्थानांत जन्मलेले आठ पुरुष संयुक्त संस्थानांचे अध्यक्ष झाले, म्हणून त्याला अध्यक्षांची माता असें कौतुकाचें नांव पडलें.

परंतु आपल्या स्वतःच्या बुलढाणा जिल्ह्याला मातृतीर्थ कां म्हणतात, असें कोणी विचारलें, तर आपलें उत्तर एका वाक्यांत संपतें. सिंदखेडराजा येथें शिवाजीमहाराजांच्या मातोश्रींचा जन्म झाला, एवढें सांगून आपण थांबतों. हें उत्तर खरें आहे. पण तें अपुरें आहे. अमुक गांवीं जन्म होणें ही कोणाच्याहि कर्तृत्वाची गोष्ट नव्हे. त्या माउलीनें काय सोसलें आणि सोसून काय उभें केलें, हें कळल्यावांचून सिंदखेडच्या वाड्यांतील दगडांना अर्थ येत नाहीं. म्हणून आज त्यांचें चरित्र आपण थोडक्यांत पाहूं.

प्रथम ही भूमि कशी आहे तें ध्यानांत घेतलें पाहिजे. आपल्या जिल्ह्यांतून अजिंठ्याची डोंगररांग गेली आहे. तिच्या उत्तरेस पूर्णेचें काळ्या मातीचें सपाट खोरें, तो पायनघाट. आणि दक्षिणेस पैनगंगा व खडकपूर्णा यांच्या कांठचा उंचसखल मुलूख, तो बालाघाट. उत्तरेकडे बऱ्हाणपूर आणि दक्षिणेकडे दौलताबाद या दोन बळकट ठाण्यांच्या मध्यें हा प्रदेश एखाद्या घराच्या उंबरठ्यासारखा पडला आहे. उत्तरेचें सैन्य दक्षिणेंत उतरो कीं दक्षिणेचें उत्तरेकडे जावो, त्याचा पाय या उंबरठ्यावर पडावयाचाच. रोहिणखेडजवळ इ. स. १४३७ आणि १५९० या दोन सालीं मोठ्या लढाया झाल्या. पुढें १७२४ मध्यें साखरखेर्डा येथें निजामानें मुबारिजखानाचा पराभव केला आणि त्याच रणांगणावर हैदराबादच्या निजामी राज्याचा खऱ्या अर्थानें पाया घातला गेला. इतके राजे या मातीवर लढून गेले; पण तिची कीर्ति राहिली ती एका स्त्रीच्या नांवानें, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

याच बालाघाटांत लोणारचें जगप्रसिद्ध सरोवर आहे. आकाशांतून एक अशनि प्रचंड वेगानें कोसळला आणि काळ्या बसाल्ट खडकांत सुमारें पावणेदोन ते दोन किलोमीटर व्यासाची वर्तुळाकार द्रोणी निर्माण झाली, असें भूशास्त्रज्ञांनीं निश्चित केलें आहे. अमेरिकेच्या ॲरिझोना संस्थानांतील अशनिविवराचें चित्र आपण पुस्तकांत पाहतों. त्याचा व्यास सव्वा किलोमीटरच्या आंतच आहे, म्हणजे आपलें लोणार त्याहून विस्तीर्ण आहे. त्याचें पाणी खारें व क्षारयुक्त आहे. १८२३ मध्यें अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें त्याची नोंद केली. परंतु दैत्यसूदनाचें सुंदर देवालय बांधणाऱ्या आपल्या पूर्वजांना हें स्थळ कित्येक शतकें आधींच पवित्र वाटत होतें, हेंहि विसरतां कामा नये.

या मुलखांतील सिंदखेडची देशमुखी सोळाव्या शतकाच्या अखेरीस लखुजी जाधवराव यांच्याकडे होती. जाधवराव आपला वंश देवगिरीच्या यादवांपासून सांगत. लखुजी हे अहमदनगरच्या निजामशाहींतील पहिल्या प्रतीचे सरदार. घोडदळ, जहागीर, मानमरातब यांपैकीं कशाचीहि त्यांस वाण नव्हती. त्यांच्या पत्नीचें नांव म्हाळसाबाई. दत्ताजी, अचलोजी, रघोजी व बहादूरजी हे त्यांचे पुत्र. या भरल्या घरांत पौष महिन्याच्या पौर्णिमेस, १२ जानेवारी १५९८ रोजीं, जिजाबाईंचा जन्म झाला. त्यापूर्वी दोनच वर्षें, १५९६ मध्यें, अहमदनगरकरांना वऱ्हाड प्रांत अकबर बादशहास लिहून द्यावा लागला होता. म्हणजे जिजाबाईंनीं डोळे उघडले ते युद्धाच्या धामधुमींतच. ज्या वर्षीं जेम्सटाउनच्या किनाऱ्यावर इंग्रजांच्या होड्या लागल्या, त्या वर्षीं जिजाबाई नऊ वर्षांच्या होत्या.

जिजाबाईंचें बालपण ज्या वास्तूंच्या छायेंत गेलें, त्यांच्या खुणा आजहि सिंदखेडास दिसतात. लखुजींच्या वाड्याचें भव्य प्रवेशद्वार दुरूनच नजरेंत भरतें. आंत ज्या दालनांत जिजाबाई जन्मल्या तें दालन दाखवितात. जवळच रंगमहाल आहे. गांवांत नीळकंठेश्वराचें व रामेश्वराचें अशीं पुरातन देवालयें आहेत. मोती तलाव आणि चांदणी तलाव हे जाधवरावांच्या काळच्या जलव्यवस्थेची साक्ष देतात. चांदणी तलावाच्या मध्यभागीं एक मजल्यांची इमारत उभी आहे. पुतळा बारव म्हणजे कोरीव पुतळ्यांनीं नटलेली पायऱ्यांची विहीर होय. कमी पावसाच्या मुलखांत पाणी अडवून ठेवणारा जहागीरदार हा केवळ तलवारबहाद्दर नव्हता, रयतेच्या गरजा जाणणारा होता, हें या तलावांवरून कळून येतें. अशा घरांत वाढलेल्या मुलीला शस्त्र आणि शेत या दोहोंचेंहि मोल उमगलें असल्यास नवल तें काय ?

वेरूळच्या मालोजी भोसल्यांचे पुत्र शहाजीराजे यांच्याशीं जिजाबाईंचा विवाह झाला. या विवाहाची एक आख्यायिका महाराष्ट्रांत घरोघर सांगतात. रंगपंचमीच्या दिवशीं लखुजींच्या वाड्यांत बालक शहाजी आणि बालिका जिजा एकमेकांवर रंग उडवीत होतीं. तें पाहून लखुजी कौतुकानें म्हणून गेले कीं, हा जोडा शोभतो खरा. मालोजींनीं तो शब्द तेथेंच धरला आणि सोयरीक ठरल्याचें सर्वांना जाहीर केलें. म्हाळसाबाईंना मात्र आपल्या तोलामोलाचें घर हवें होतें, म्हणून तंटा माजला, असें कथा सांगते. ही आख्यायिका इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरते हा प्रश्न वेगळा. पण जाधव मोठे व भोसले चढते, आणि दोन्हीं घराणीं मानी, एवढें सत्य तिच्यांत सांठविलेलें आहे.

या मानी स्वभावाचें भयंकर फळ पुढें जिजाबाईंच्या पदरीं पडलें. एके दिवशीं निजामशाही दरबार संपून सरदार मंडळी बाहेर पडत असतां खंडागळे नांवाच्या सरदाराचा हत्ती बिथरला. त्यास आवरण्याच्या गडबडींत जाधवांचे व भोसल्यांचे लोक एकमेकांवर उठले. जिजाबाईंचे बंधु दत्ताजी जाधव हे शहाजीराजांचे चुलतबंधु संभाजी यांच्या हातून मारले गेले. पुत्राच्या मरणानें खवळलेल्या लखुजींनीं परत फिरून त्या संभाजीस ठार केलें. खुद्द शहाजीराजेहि त्या चकमकींत जखमी झाले. एका हत्तीच्या निमित्तानें एकाच दिवशीं माहेरचा भाऊ गेला आणि सासरचा दीर गेला. कोणासाठीं रडावें आणि कोणाला दोष द्यावा, असा प्रसंग जिजाबाईंवर ओढवला.

यानंतर दोन्हीं घराण्यांच्या वाटा अधिकच दुरावल्या. लखुजी इ. स. १६२१ च्या सुमारास निजामशाही सोडून मोगलांकडे गेले होते. निजामशाहीचा सूत्रधार मलिक अंबर याच्या बाजूनें शहाजीराजे लढत राहिले. १६२४ मध्यें अहमदनगरजवळ भातवडी येथें जी प्रसिद्ध लढाई झाली, तींत एका बाजूस जामात आणि दुसऱ्या बाजूस श्वशुर असा देखावा होता. मलिक अंबरानें ती लढाई जिंकली आणि शहाजीराजांचें नांव दक्षिणेंत गाजलें. पतीच्या विजयाची वार्ता जिच्या कानीं पित्याच्या पराभवाची वार्ता होऊन येते, त्या स्त्रीची मनःस्थिति आपण केवळ कल्पनेनेंच जाणावी.

परंतु जिजाबाईंच्या दुःखाची परिसीमा अद्याप व्हावयाची होती. १६२६ मध्यें मलिक अंबर मरण पावला आणि निजामशाहीचा आधारस्तंभ कोसळला. लखुजी पुन्हां निजामशाहींत परतले होते. मुर्तजा निजामशहाचें मन त्यांच्याविषयीं कलुषित झालें. २५ जुलै १६२९ रोजीं लखुजी आपल्या मुलांसह दौलताबादच्या किल्ल्यांत सुलतानास मुजरा करण्यास गेले असतां, दबा धरून बसलेल्या मारेकऱ्यांनीं त्यांजवर घाला घातला. लखुजी, त्यांचे पुत्र अचलोजी व रघोजी आणि दिवंगत दत्ताजींचा मुलगा यशवंतराव, असे एकाच घरांतील चौघे एकाच वेळीं कापले गेले. वार्ता कळतांच लखुजींची पत्नी आणि बंधु जगदेवराव हे छावणींतून निसटून सिंदखेडास पोंचले.

मित्रहो, या घटनेंतला अर्थ नीट पाहा. लखुजी शूर होते, श्रीमंत होते, अनुभवी होते. त्यांच्या तलवारीवर निजामशाहीनें अनेक वर्षें आपलें रक्षण केलें होतें. तरी धन्याच्या मनांत संशय येतांच त्यांचें आयुष्य एका क्षणांत संपलें. त्यांची ना चौकशी झाली, ना निवाडा. दुसऱ्याच्या दरबारांत मिळालेली थोरवी ही दुसऱ्याच्या लहरीवर उभी असते. ती आपली नसते. हा धडा त्या काळच्या शेंकडों मराठे सरदारांच्या डोळ्यांसमोर होता. पण तो एका गर्भवती कन्येच्या अंतःकरणांत जितका खोल रुतला, तितका दुसऱ्या कोणाच्या रुतला नसावा. कारण पित्याचा व भावांचा वध झाला तेव्हां शिवाजीमहाराज जिजाबाईंच्या उदरांत होते.

देशांत अशी धांदल चालली असतां शहाजीराजांनीं जिजाबाईंना जुन्नरजवळ शिवनेरी किल्ल्यावर सुरक्षित ठेविलें. तेथें फाल्गुन वद्य तृतीयेस, १९ फेब्रुवारी १६३० रोजीं, शिवाजीमहाराजांचा जन्म झाला. बाहेर काय चाललें होतें ? शहाजहान बादशहाच्या फौजा दक्षिणेवर चालून येत होत्या. पाऊस रुसला होता आणि १६३० ते १६३२ या वर्षांत दक्षिणेंत व गुजराथेंत असा दुष्काळ पडला कीं त्याच्या वर्णनानें आजहि अंगावर कांटा उभा राहतो. शहाजीराजांच्या जहागिरींतील पुणें आदिलशाही फौजेनें जाळून उद्ध्वस्त केलें आणि तेथें गाढवांचा नांगर फिरविला. ज्या बाळाचा पाळणा हालत होता त्याच्यासाठीं घर, गांव, आजोळ यांपैकीं कांहींच शाबूत उरलें नव्हतें.

पुढील सहा वर्षें शहाजीराजांनीं बुडत्या निजामशाहीस सांवरण्याचा मोठा खटाटोप केला. एका लहान राजपुत्रास गादीवर बसवून त्यांनीं मोगल व आदिलशहा या दोन सत्तांशीं झुंज दिली. परंतु १६३६ मध्यें त्यांस तह करावा लागला. निजामशाही लयास गेली आणि शहाजीराजे विजापूरच्या सेवेंत कर्नाटकाकडे गेले. पुण्याची जहागीर त्यांच्याकडेच राहिली. कांहीं काळ बंगळूर येथें राहिल्यावर जिजाबाई बालशिवाजीस घेऊन पुण्यास आल्या. पतीचा आशीर्वाद, त्यांनीं नेमून दिलेले अनुभवी कारभारी आणि थोडीशी फौज, एवढाच त्यांचा संभार होता.

येथून जिजाबाईंच्या चरित्राचा दुसरा भाग सुरू होतो. आजवर त्यांनीं सोसलें. आतां त्या घडवूं लागल्या. उजाड पुण्यांत त्यांनीं कसब्याच्या गणपतीचें देवालय बांधविलें आणि राहण्यास लाल महाल उभारविला. ज्या भूमीवर गाढवांचा नांगर फिरला होता, तिच्यावर सोन्याचा फाळ लावून बाळराजांच्या हातून नांगर धरविला, असें सांगतात. यांतील मर्म फार मोठें आहे. भयानें पळून गेलेला कुणबी परत यावा, तर ही भूमि आतां शापित राहिली नाहीं हें त्याच्या डोळ्यांना दिसलें पाहिजे. रयत परतली. रान माजल्यामुळें वाढलेल्या लांडग्यांचा बंदोबस्त झाला, नव्यानें जमीन लागवडीस आणणाऱ्यांना साऱ्यांत सूट मिळाली आणि ओसाड वाड्यांतून पुन्हां धूर निघूं लागला. वतनांचे तंटे जिजाबाईंसमोर येत आणि त्या दोन्हीं बाजू ऐकून निवाडा करीत. बालशिवाजी त्यांच्याजवळ बसून तें पाहत असत. न्याय म्हणजे काय, हें त्यांना प्रथम आईच्या बैठकींत शिकावयास मिळालें.

रामायण व महाभारत यांतील कथा जिजाबाई पुत्रास सांगत, हें आपण बालपणापासून ऐकतों. पण त्या कथांबरोबर दुसरीहि एक कथा त्या घरांत अबोलपणें वावरत असली पाहिजे. ती सिंदखेडच्या आजोबांची. पराक्रम असूनहि ते दुसऱ्याच्या दारीं मारले गेले, ही आठवण मुलाच्या मनांत सुडाची आग पेटविण्यास पुरेशी होती. जिजाबाईंची थोरवी अशी कीं, त्यांनीं त्या आठवणींतून सूड नव्हे, तर स्वराज्याची कल्पना वाढूं दिली. सूड एका माणसाबरोबर संपतो. न्यायाचें राज्य अनेक पिढ्यांना पुरतें.

मावळांतील तरुण सोबती मिळवून शिवाजीमहाराजांनीं एकामागून एक किल्ले घेतले. तोरणा हातीं आला, राजगड बांधून तयार झाला आणि राजधानी तेथें गेली. पण प्रत्येक यशाबरोबर आईच्या काळजाला नवा घोर लागे. १६४८ मध्यें विजापूरकरांनीं शहाजीराजांना कैद केलें. पुढील वर्षीं त्यांची सुटका होईपर्यंत जिजाबाईंचा जीव टांगणीस लागला होता. त्यानंतर कांहीं वर्षांनीं त्यांचे ज्येष्ठ पुत्र संभाजीराजे कर्नाटकांत कनकगिरीच्या वेढ्यांत मारले गेले. १६५९ च्या नोव्हेंबरांत धाकटे पुत्र अफजलखानाच्या भेटीस प्रतापगडीं गेले तेव्हां जिजाबाई राजगडावर होत्या. एक पुत्र गेलेला, दुसरा मृत्यूच्या दाढेंत निघालेला. तरीहि जाऊं नको असें त्यांनीं म्हटलें नाहीं. १० नोव्हेंबर रोजीं विजयाची वार्ता आली आणि मातेच्या धैर्याचें सार्थक झालें.

पुढच्याच वर्षीं महाराज पन्हाळगडावर सिद्दी जौहराच्या वेढ्यांत अडकले. महिन्यांमागून महिने गेले, वेढा उठेना. तेव्हां वयाची साठी ओलांडलेल्या जिजाबाई स्वतः फौज घेऊन पुत्रास सोडविण्यास निघावयास सिद्ध झाल्या होत्या, असा वृत्तांत महाराजांच्या दरबारींच रचलेल्या शिवभारत या काव्यग्रंथांत आला आहे. सेनापति नेताजी पालकर यांनीं ती कामगिरी आपल्या शिरावर घेऊन त्यांस थांबविलें. महाराज अखेर रात्रीच्या पावसांत निसटून विशाळगडास पोंचले.

१६६४ च्या जानेवारींत शहाजीराजे कर्नाटकांत होदिगेरे येथें शिकारींत घोड्यावरून पडून निधन पावले. त्या काळच्या रूढीप्रमाणें जिजाबाई सती जाण्यास निघाल्या. तेव्हां शिवाजीमहाराजांनीं आईच्या चरणीं मिठी घालून त्यांना परावृत्त केलें. आपण गेलांत तर माझा पुरुषार्थ पाहावयास कोण राहणार, असा त्यांचा विनवणीचा भाव होता. जिजाबाईंनीं पतीमागें मरण्यापेक्षां पुत्रासाठीं व रयतेसाठीं जगणें पत्करलें. त्या जगल्या नसत्या, तर पुढील दहा वर्षांचा इतिहास कसा झाला असता कोण जाणे. पुढच्याच वर्षीं, १६६५ च्या जानेवारींत, सूर्यग्रहणाच्या पर्वकाळीं महाबळेश्वरास महाराजांनीं आपल्या मातोश्रींची सुवर्णतुला केली आणि तें धन दान केलें.

जिजाबाईंच्या कर्तबगारीची खरी कसोटी १६६६ मध्यें लागली. पुरंदरचा तह होऊन तेवीस किल्ले मोगलांस द्यावे लागले होते, आणि महाराजांना लहानग्या संभाजीराजांसह आग्र्यास औरंगजेबाच्या दरबारीं जावें लागलें. सिंदखेडच्या कन्येला त्या वेळीं दौलताबादचा दरबार आठवला नसेल काय ? पिता ज्याप्रमाणें बादशाही भेटीस जाऊन परतला नाहीं, त्याप्रमाणें पुत्र आणि नातू हे दोघेहि न परतले तर ? तरी अडुसष्ट वर्षांच्या जिजाबाई डगमगल्या नाहींत. महाराजांनीं राज्याचा भार त्यांच्याच हातीं सोंपविला होता. मोरोपंत पिंगळे आदि मंडळींच्या साहाय्यानें त्यांनीं तो महिनेंच्या महिने वाहिला. राजा शत्रूच्या कैदेंत असतां राज्यांत बंडाळी झाली नाहीं, हा त्या कारभाराचा केवढा मोठा पुरावा आहे ! १७ ऑगस्ट १६६६ रोजीं महाराज आग्र्याहून निसटले आणि कांहीं काळानें राजगडावर येऊन आईच्या पायां पडले. जी गोष्ट दौलताबादेस घडली ती आग्र्यास घडली नाहीं. लखुजींच्या नातवानें त्या जुन्या कथेचा शेवट बदलला होता.

त्यानंतर गेलेले किल्ले परत घेण्यास प्रारंभ झाला. सिंहगड शत्रूकडे असावा हें जिजाबाईंना सहन होत नव्हतें, अशी परंपरागत समजूत आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीं तानाजी मालुसरे यांनीं प्राणार्पण करून तो गड घेतला. राजधानी रायगडावर गेली. परंतु गडावरील थंड वारा वृद्ध जिजाबाईंना मानवेना, म्हणून महाराजांनीं पायथ्याशीं पाचाड येथें त्यांच्यासाठीं वाडा बांधला. तेथें त्यांचे अखेरचे दिवस गेले.

६ जून १६७४ रोजीं रायगडावर शिवाजीमहाराजांना राज्याभिषेक झाला. तो सोहळा जिजाबाईंनीं डोळे भरून पाहिला. ज्या घरानें पिढ्यान्‌पिढ्या सुलतानांना मुजरे केले, त्याच घरांतील मुलगा आतां कोणापुढेंहि न वाकणारा छत्रपति झाला होता. मनुष्याच्या आयुष्यांत याहून मोठी इच्छापूर्ति कोणती असूं शकेल ? आणि जणूं त्या क्षणासाठींच देह धरून ठेविल्याप्रमाणें, अवघ्या अकरा दिवसांनीं, १७ जून १६७४ रोजीं, पाचाड येथें त्यांनीं प्राण ठेविला. त्यांची समाधि पाचाडास आहे.

आतां आरंभीं पाहिलेल्या व्हर्जिनिया संस्थानाकडे पुन्हां एकदां वळूं. तेथें फ्रेडरिक्सबर्ग नांवाच्या गांवीं मेरी वॉशिंग्टन या स्त्रीचें घर जतन करून ठेविलें आहे. अमेरिकेचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याची ती माता. पुत्र अकरा वर्षांचा असतां तिचा पति निवर्तला आणि मुलांचें संगोपन तिनें एकटीनें केलें. ३० एप्रिल १७८९ रोजीं पुत्र अध्यक्ष झाला, आणि त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत ती मरण पावली. जिजाबाईंच्या अखेरीशीं या अखेरीचें साम्य पाहून मन थक्क होतें. पण पुढील हकीकत अधिक बोधप्रद आहे. मेरीच्या समाधीवर स्मारक उभारण्याचें काम १८३३ मध्यें सुरू झालें आणि अर्ध्यावरच राहिलें. तें अनेक दशकें तसेंच मोडकळत पडलें. १८८९ मध्यें ती जागा लिलांवांत विकण्याची जाहिरात झाली, तेव्हां कोठें अमेरिकेंतील स्त्रिया जाग्या झाल्या. त्यांनीं वर्गणी जमवून नवें स्मारक उभारलें आणि १८९४ मध्यें अध्यक्ष क्लीव्हलंड यांच्या उपस्थितींत तें राष्ट्रास अर्पण झालें. म्हणजे ज्या देशाच्या जतनवृत्तीचें आपण कौतुक करतों, त्यालाहि आपल्या मातेचें स्मरण लिलांवाच्या जाहिरातीनेंच झालें होतें.

आपल्या जिल्ह्यांत दरवर्षीं १२ जानेवारीस सिंदखेडराजा येथें लाखों लोक जमतात. दूरदूरच्या गांवांहून आलेलीं मंडळी वाड्यांत जाऊन जन्मस्थानापुढें माथा टेकतात. जवळच लखुजीराजांची भव्य समाधि आहे. तिच्या आकारावरून त्या कुलाच्या वैभवाची कल्पना येते. परंतु तिच्याखालीं दौलताबादेस कापला गेलेला एक पिता निजला आहे, हें पुष्कळ यात्रेकरूंना ठाऊक नसतें. जाधव घराण्याच्या शाखा आसपास पसरल्या, त्यांच्या खुणा गांवांच्या नांवांतच राहिल्या आहेत. देऊळगांवराजा, किनगांवराजा, आडगांवराजा, मेहुणाराजा या नांवांतील राजा हा शब्द उगाच आलेला नाहीं. आपल्यापैकीं कित्येकजण त्याच गांवांतून शाळेस आले असतील; आपल्या गांवाच्या नांवांत इतिहास दडला आहे, हें त्यांनीं घरीं जाऊन लहान भावंडांना अवश्य सांगावें.

विद्यार्थी मित्रहो, सिंदखेडास सहलीला गेलां म्हणजे केवळ भिंतीवर आपलीं नांवें कोरून परत येऊं नका. तेथील एकाहि दगडावर तुमच्या खिळ्याचा ओरखडा उठूं देऊं नका. चांदणी तलावाच्या कांठीं क्षणभर शांत बसा आणि विचार करा. एका मुलीच्या डोळ्यांदेखत तिचीं दोन्हीं घरें एकमेकांशीं झुंजलीं, एका सुलतानाच्या लहरीनें तिचें माहेर रक्तांत बुडालें, दुष्काळानें व युद्धानें तिचें सासर उजाड झालें. तिला रडत बसण्यास शंभर कारणें होतीं. तिनें मात्र उजाड जमिनींत नांगर धरविला, भांडणाऱ्यांना न्याय दिला आणि पुत्राच्या हातीं सूड न देतां राज्य दिलें. दूरदेशींच्या संस्थानांचा इतिहास आपण खुशाल शिकावा, त्यानें दृष्टि विशाल होते. परंतु आपल्या उंबरठ्यावरचा हा दिवा प्रथम ओळखावा, त्यांत आपल्या परीनें तेल घालावें आणि त्याच्या उजेडांत आपलीहि वाट शोधावी. मातृतीर्थाच्या लेंकरांना याहून अधिक काय सांगावें ?